एकशे आठावे आसन

‘शुई हू झ्वान’ या जुन्या चिनी कादंबरीच्या एकाहत्तराव्या प्रकरणात एक चमत्कार घडतो. लियांगशानच्या दलदलीत आश्रय घेतलेले बंडखोर एक मोठा धार्मिक विधी करतात. शेवटच्या रात्री आकाशातून अग्नीचा गोळा उतरतो आणि जमिनीत शिरतो. तिथे खणल्यावर एक शिळा सापडते. शिळेवरची प्राचीन लिपी कोणाला येत नाही. एक पुरोहित ती वाचून दाखवतो. एका बाजूला ३६ नावे, दुसऱ्या बाजूला ७२. एकूण १०८. कोण वरचा आणि कोण खालचा, हा प्रश्न त्या रात्री मिटतो, कारण क्रम आकाशानेच लावून दिलेला असतो. पहिल्या आसनावर कचेरीतला एकेकाळचा कारकून सुंग च्यांग बसतो. शेवटच्या आसनावर त्वान चिंग-चू नावाचा घोडेचोर.

आपल्या जपमाळेतही १०८ मणी असतात. पण माळ ओढणारा मण्यांना नावे देत नाही. कादंबरीकाराने ती दिली. प्रत्येकाला नाव आहे, गाव आहे, धंदा आहे आणि एक टोपणनावही आहे. या लेखाचा विषय पहिल्या आसनावरचा नायक नाही. मागच्या रांगेत बसलेल्यांचे काय होते, हा आहे. चीनमध्ये काय झाले ते थोडक्यात पाहू आणि मग ठाणे, मुरबाड, जुन्नर, अकोले या आपल्या मुलखात येऊ.

शेवटून दुसरा

१०८ जणांत १०७व्या क्रमांकावर शी च्येन बसतो. टोपणनाव ‘ढोलावरची पिसू’. ढोलाच्या चामड्यावर पिसू उड्या मारते तरी ढोल वाजत नाही. हा माणूस घरात शिरतो तेव्हा तसाच आवाज होत नाही. धंदा भुरट्या चोरीचा. दोन मित्रांबरोबर तो लियांगशानला निघतो आणि वाटेतल्या खानावळीत पहाटे आरवणारा कोंबडा चोरून खातो. त्या कोंबड्यावरून भांडण, भांडणातून जाळपोळ, आणि त्यातून चू घराण्याच्या गावाशी बंडखोरांची तीन वेळा लढाई. शी च्येन त्या गावाच्या हाती लागतो. त्याचे मित्र मदत मागायला लियांगशानला पोहोचतात, तेव्हा तिथला म्होरक्या छाओ काय संतापतो. कोंबडीचोरांनी आमच्या नावाला बट्टा लावला, त्यांची मुंडकी उडवा, असे त्याचे म्हणणे पडते. सुंग च्यांग मध्ये पडतो म्हणून ते वाचतात.

पुढे याच चोराशिवाय लियांगशानचे चालत नाही. साखळ्यांनी बांधलेल्या घोडदळापुढे बंडखोरांची धूळधाण होते. त्यावर आकडीदार भाल्यांचा डावपेच शिकवणारा माणूस हवा असतो. त्याला आणण्यासाठी त्याचे वडिलोपार्जित चिलखत तुळईवरून पळवून आणतो तो शी च्येन. दिव्यांच्या सणाच्या रात्री शहरातल्या उंच मनोऱ्याला आग लावून हल्ल्याची खूण देतो तोही शी च्येनच. तरी शिळेवर त्याचे नाव शेवटून दुसरे. शेवटच्या त्वान चिंग-चूचीही गोष्ट अशीच. त्याने चोरलेला पांढरा घोडा वाटेत दुसऱ्यांनी हिसकावला, त्या बातमीवरून लढाई पेटली आणि त्या लढाईत खुद्द छाओ काय मेला. कथेला एवढी वळणे देणारे दोघेही चोर होते, आणि बंडखोरांच्या राज्यातही चोराला पायरी खालचीच मिळाली. सैन्यातून पळालेला शिक्षक, जमीनदार, कचेरीतला माणूस हे पुढे. खानावळीत कोंबडा चोरणारा मागे. बंड राजसत्तेविरुद्ध असले तरी पंगतीचा क्रम जुनाच राहिला.

मग सरकारची माफी येते. बंडखोर बादशहाचे शिपाई होतात आणि त्यांना फांग ला या दुसऱ्या बंडखोरावर पाठवले जाते. त्या मोहिमेनंतर १०८ पैकी जेमतेम २७ राजधानीत परततात. शी च्येन लढाईत मरत नाही. मोहीम संपल्यावर पोटाच्या दुखण्याने जातो. एका वाक्यात. पण ते एक वाक्य त्याच्या नावाने आहे.

हा सगळा पसारा कशातून उभा राहिला तेही पाहण्यासारखे आहे. सुंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात सुंग च्यांग आणि त्याच्या ३६ जणांबद्दल मोजक्याच ओळी आहेत. ११२१ साली तो शरण आला, एवढ्यावर सरकारी कागद थांबतो. त्यानंतर कथेकऱ्यांनी आणि नाटकवाल्यांनी दोन-तीन शतके ही गोष्ट बाजारात सांगितली, आणि कादंबरी होईपर्यंत ३६ चे १०८ झाले. सत्तेला हे आवडले नाही. १६४१ साली चिन शंगथान या टीकाकाराने कादंबरी सत्तर प्रकरणांवर तोडली आणि १०८ जणांची मुंडकी उडाल्याचे दुःस्वप्न शेवटी जोडले. पुढच्याच वर्षी मिंग दरबाराने पुस्तकावर बंदी घातली. नावे मात्र पुसली गेली नाहीत.

चीनमध्ये लोकांच्या तोंडून गोष्ट जात राहिली तशी माणसे वाढली. आपल्याकडे नेमके उलटे झाले. बंडात शेकडो होते. आठवणीत एक उरला.

ठाण्याच्या किल्ल्याखालचा मोतद्दार

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे गेला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे. आज तो मध्यवर्ती कारागृह आहे. या भिंतींशी निगडित दोन गोष्टी इथे सांगायच्या आहेत; एकीत कैदी निसटला, दुसरीत फासावर गेला.

पहिली गोष्ट त्रिंबकजी डेंगळ्यांची. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी पेशव्यावर दबाव आणून त्रिंबकजींना ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा होता, एतद्देशीयांशी संधान बांधता येऊ नये म्हणून. तीच खबरदारी अंगाशी आली. एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरवण्याच्या निमित्ताने खिडकीखालून जायचा आणि मराठीत गाणे म्हणायचा. पहारेकऱ्यांना ते गाणे वाटायचे. आत बसलेल्याला पळून जाण्याचा बेत कळायचा. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भगदाडातून त्रिंबकजी निसटले, ते संगमनेर-नाशिककडच्या डोंगरांत जाऊन भिल्ल, रामोशी, कोळी यांची जमवाजमव करू लागले.

बिशप हेबर १८२५ साली या भागात आला तेव्हा ही हकीकत त्याच्या कानावर आली. त्याला ती इतकी आवडली की त्या गाण्याचा भावार्थ त्याने इंग्रजी पद्यात रचला. त्याचे प्रवासवर्णन १८२८ साली छापले गेले. त्यात त्रिंबकजी आहेत, गाणे आहे, घोडाही आहे. मोतद्दाराचे नाव नाही. सगळी मसलत ज्याच्या गळ्यावर अवलंबून होती तो माणूस ‘एक मोतद्दार’ म्हणून इतिहासात उभा आहे. लियांगशानवर त्याला टोपणनाव तरी मिळाले असते.

राघोजी आणि त्याच्या मागचे

मोहने, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात राहणाऱ्याला काळू नदी ठाऊक असते. माळशेजच्या कड्यावरून ती खाली येते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. तिच्या उगमाच्या बाजूला वर चढले की जुन्नर आणि अकोले तालुक्यांचा डोंगराळ भाग लागतो. कल्याण बंदर आणि घाटमाथा यांना जोडणारी नाणेघाटाची वाट याच बाजूची. घाटाच्या चौक्या, डोंगरी किल्ल्यांची राखण आणि वाटसरूंचे रक्षण ही महादेव कोळी नाईकांची पिढीजात कामे होती. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांवरची शिबंदी मोडली. नाईकांचे हक्क कमी झाले किंवा थांबले. राखणदार बेकार झाला. त्याच सुमारास रोख साऱ्याच्या तगाद्यामुळे सावकाराचे खाते वाढू लागले.

१८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे, रामा किरवा आणि इतर नाईकांनी बंड केले. ते मोडण्याच्या कामी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा अधिकारी होता. रामा किरवाला अहमदनगरला फाशी झाली. रामजीचा मुलगा राघोजी, अकोले तालुक्यातल्या देवगावचा. १८४४ च्या सुमारास तोही डोंगरात गेला. सावकारांच्या घरांवर धाडी, खतांची होळी, काही ठिकाणी सावकारांची नाके कापणे आणि पाठलागावर आलेल्या पोलिसांच्या तुकडीची कत्तल, असा त्याच्या बंडाचा हिशेब सरकारी कागदांत आहे. पुणे, नगर, नाशिक, ठाणे या चार जिल्ह्यांचे पोलीस त्याच्या मागावर होते. त्याचा भाऊ बापू १८४५ साली पकडला गेला. राघोजी आणखी अडीच वर्षे निसटत राहिला. २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात, यात्रेकरूच्या वेशात, गेल नावाच्या अधिकाऱ्याने त्याला पकडले. ठाण्याला आणून २ मे १८४८ रोजी त्याला फाशी देण्यात आले. दोर नको, तलवारीने किंवा गोळीने मरण द्या, अशी त्याने मागणी केल्याची आठवण अजून सांगितली जाते.

आता हाच परिच्छेद पुन्हा वाचून पाहावा. त्यात राघोजी आहे, बाप आहे, भाऊ आहे, पकडणारा इंग्रज आहे. चार जिल्ह्यांत चार वर्षे एक माणूस बंड चालवू शकत नाही. कोणीतरी भाकरी पोहोचवली, कोणीतरी घाटाच्या तोंडाशी बसून वर निरोप धाडला, कोणीतरी दारूगोळा लपवला. जिल्हा गॅझेटिअरांमध्ये ही माणसे ‘त्याची टोळी’, ‘त्याचे अनुयायी’ या शब्दांत मावली आहेत. नंतरच्या आपल्या चरित्रांनी आणि भाषणांनी फक्त विशेषणे बदलली. ‘दरोडेखोर टोळी’ची ‘शूर मावळे’ झाली. माणसे मोजकीच राहिली.

एक अपवाद गमतीचा आहे. मॅकिंटॉशने ज्यांचा पाठलाग केला त्यांच्याविषयी लिहूनही ठेवले. रामोशी आणि उमाजी नाईक यांच्यावरचे त्याचे पुस्तक १८३३ साली मुंबईत छापले गेले. पुढे महादेव कोळ्यांवरही त्याने सविस्तर निबंध लिहिला. कुळे, आडनावे, चालीरीती, देवदेवता, इतकेच नव्हे तर रामोशांची आपापसातली सांकेतिक बोलीही त्याने टिपली. उमाजी कैदेत असताना त्याच्याशी बोलून त्याने माहिती घेतली. पाठलाग करणाऱ्याला नावे लागतातच. नावाशिवाय पकडता येत नाही. त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसांचे पहिले चरित्रकार त्यांना फासावर चढवणारेच ठरले.

माणसांचे भाव

सरकारने या माणसांची शिळा कोरली नाही, पण दरपत्रक काढले. राघोजीनंतरची हकीकत त्यासाठी पाहावी लागते.

ऑक्टोबर १८५७ मध्ये भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याने नांदूर शिंगोट्याजवळ पोलीस अधीक्षक हेन्रीला ठार केले. हा भागोजी पूर्वी नगरच्या पोलिसांतच नोकरीला होता. त्याच्याविरुद्ध लढण्यासाठी सरकारला डोंगर माहीत असलेली माणसे हवी होती. कॅप्टन नटॉलने सुमारे ६०० कोळ्यांची पलटण उभी केली. राघोजीला फाशी देऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. १८५९ मध्ये भागोजी मारला गेला, १८६१ मध्ये पलटण मोडली. शिपाई पुन्हा बेकार, खाती पुन्हा सावकाराकडे. पुढे होन्या भागोजी केंगले याने सावकारांविरुद्ध बंड केले.

लियांगशानच्या बंडखोरांना माफी देऊन फांग लावर पाठवले, त्याचा हा सह्याद्रीतला पाठ आहे. उमाजीच्या बाबतीतही हेच घडले होते. त्याला माफी देऊन सरकारने चाकरीत घेतले, तो पुन्हा फिरला, डिसेंबर १८३१ मध्ये पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेला. राखणदार, बंडखोर, शिपाई आणि पुन्हा बंडखोर असा फेरा एकाच माणसाच्या आयुष्यात पुरा होत असे. कोण कायद्याच्या आत आणि कोण बाहेर, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्या वर्षी सरकारला त्याची गरज होती की नाही यावर ठरत होते.

होन्याला पकडण्यासाठी पुणे जिल्ह्यात जे बक्षीस लावले त्याची नोंद गॅझेटिअरात आहे. होन्यासाठी १,००० रुपये. साथीदारांसाठी २०० ते ६०० रुपये. सरकारने साथीदारांचीही प्रतवारी केली होती. कोण सहाशेचा आणि कोण दोनशेचा, हे कोणत्या तरी कचेरीत बसून ठरवले गेले. लियांगशानच्या शिळेशी याचे साम्य विलक्षण आहे. दोन्हीकडे यादी आहे, दोन्हीकडे क्रम आहे. तिथली यादी बसण्यासाठी होती, इथली पकडण्यासाठी. तिथल्या यादीतला शेवटचा माणूस आजही चिनी मुलांना ठाऊक असतो. इथला दोनशे रुपयांचा माणूस बक्षीस चुकते झाल्यावर हिशेबातून उडाला.

होन्याला १८७६ साली मेजर डॅनियलने पकडले. हे नाव लक्षात ठेवावे; तीन वर्षांनी तेच पुन्हा येते.

पळस्प्याचा म्होरक्या

वासुदेव बळवंत फडके यांचे नाव प्रत्येक शाळेत शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे, लष्करी हिशेब खात्यातले कारकून, दुष्काळ पाहून पेटलेले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर त्यांनी पहिली धाड घातली. त्यांच्यासोबत पुण्यातले काही सुशिक्षित तरुण होते, पण डोंगर चढणारे, रात्री चालणारे, हत्यार धरणारे हात मुख्यतः रामोशांचे होते. त्यांचा म्होरक्या दौलतराव नाईक.

१८७९ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेच्या सुमारास, दौलतरावाच्या नेतृत्वाखाली ही टोळी घाट उतरून कोकणात आली आणि पळस्पे व चिखले इथे धाड पडली. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे ही धाड ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे. पळस्पे आणि शिरढोण शेजारशेजारची गावे. म्हणजे बंडातली सर्वांत मोठी लूट फडक्यांच्या घरच्या अंगणात पडली आणि ती पाडणारा दौलतराव होता. लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने टोळीला गाठले. दौलतराव गोळी लागून पडला.

त्याच्या मृत्यूचा परिणाम पाहिला की त्याचे वजन कळते. सह्याद्रीतले बंड तिथेच मोडले. फडके दक्षिणेला श्रीशैल मल्लिकार्जुनाकडे गेले, मग रोहिले आणि अरब यांची नवी फौज उभारण्याच्या खटपटीला लागले. जुलै १८७९ मध्ये तत्कालीन कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावी ते पकडले गेले. पकडणाऱ्यांत पुन्हा मेजर डॅनियलच होता. फडक्यांवर पुण्यात खटला चालला, गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेपेवर त्यांना एडनला नेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथे त्यांचा अंत झाला.

फडक्यांनी रोजनिशी लिहिली, आत्मवृत्त लिहिले. रामोशांना देशापेक्षा लुटीची ओढ अधिक, ही त्यांची तक्रार त्या लेखनात आहे. तक्रार खरी असेलही. उपाशी घरातून आलेल्या माणसाला वाटा हवा असतो, आणि फडक्यांनाही लूट पैशासाठीच हवी होती. फरक पैसा कशासाठी यात होता. पण आपल्याला ऐकू येते ती एकच बाजू. दौलतरावाची रोजनिशी नाही. त्याने फडक्यांविषयी तक्रार केली असती तर ती काय असती? ‘बामणाने बेत सांगितले, डोंगर आम्ही चढलो’, अशी एखादी? लिहिणारा पुढे आणि चालणारा मागे, ही वाटणी लियांगशानवर होती तशीच इथे आहे. तिथेही पहिल्या आसनावर कारकूनच होता.

‘आद्य’चा वाद

आज उमाजी नाईक, राघोजी भांगरे आणि वासुदेव बळवंत फडके या तिघांच्याही नावामागे ‘आद्य क्रांतिकारक’ किंवा ‘आद्य क्रांतिवीर’ ही उपाधी लावली जाते. तिघांचे अभिमानी वेगळे, जयंत्या वेगळ्या, फलक वेगळे. उमाजी १८३२ साली गेला, राघोजी १८४८ साली, फडके १८८३ साली. तारखा पाहिल्या तर पहिला कोण याचे उत्तर सोपे आहे. पण वाद तारखांचा नाही, आसनाचा आहे. लियांगशानवर आसने १०८ होती म्हणून बसण्याचा प्रश्न सुटला. आपण एकच आसन मांडले आणि त्यावर ‘आद्य’ असे लिहिले. मग एकाला बसवायचे तर दुसऱ्याला उठवावे लागते.

या ओढाताणीमागे दुखणे खरे आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू झाली. १९११ पासून तिची व्याप्ती सगळ्या ब्रिटिश मुलखात वाढली. १९५२ साली कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागली, त्यांना आपला एक माणूस पुढच्या आसनावर दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की एकाला तिथे बसवले म्हणजे बाकीच्यांचा डाग पुसला जातो का? उमाजी ‘क्रांतिवीर’ झाला तरी त्याच्या मागून चालणारा निनावी रामोशी सरकारी दप्तरात दरोडेखोरच राहतो.

१९५९ साली दोन पुस्तके आली. इंग्लंडमध्ये एरिक हॉब्जबॉम या इतिहासकाराने बंडखोर-दरोडेखोरांचा सामाजिक अभ्यास मांडला आणि गरिबांनी ज्याला आपला मानले अशा दरोडेखोराकडे इतिहासाचे लक्ष वेधले. इकडे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ आली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. वाटेगावच्या मांगवाड्यातला बंडखोर तिच्यात नायक झाला. अण्णा भाऊंनी एक महत्त्वाचे काम केले: नायकाला वाड्यातून तोडले नाही. त्याच्या भोवतीची भूक, नाती आणि माणसे त्यांनी नावानिशी उभी केली. कागद जिथे ‘टोळी’ म्हणतो तिथे कादंबरीला घरे दिसली. ‘शुई हू’च्या कथेकऱ्यांनी जे केले त्याच्या जवळ जाणारे मराठीतले हे मोठे उदाहरण आहे.

पलीकडची नावे

मागच्या रांगेतल्यांना नावे द्यायची ठरवली, तर एक अडचणीची गोष्टही करावी लागेल. ज्या सावकाराचे नाक कापले गेले त्यालाही नाव होते. राघोजीच्या माणसांनी मारलेले पोलीस बहुतेक याच मुलखातले, तुटपुंज्या पगारावरचे शिपाई होते. ‘शुई हू’ इथे कमी पडते. तिच्यात नायकांच्या तलवारीखाली मोलकरणी, पोरेबाळे, वाटेत सापडलेली माणसे सहज मरतात आणि शिळेवर त्यांच्यासाठी तिसरी बाजू नसते. इतिहास लिहिणाऱ्याला ही मोकळीक नाही. बंडखोराचे साथीदार शोधताना त्याचे बळीही त्याच कागदात भेटणार, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून गौरवग्रंथच तयार होईल. सावकारशाही क्रूर होती हे खरे आणि कापलेले नाक कोणाचे तरी होते हेही खरे. दोन्ही एका पानावर मावली पाहिजेत.

ही कामे अशक्य नाहीत. ठाणे, पुणे आणि नगर जिल्ह्यांची गॅझेटिअरे १८८२ ते १८८५ या काळात छापली गेली. ती सहज मिळतात. ती ज्या पत्रव्यवहारावरून लिहिली गेली त्याची दप्तरे मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत. खटल्याच्या कागदात आरोपीचे नाव, बापाचे नाव, गाव, वय आणि जबानी असते, कारण शिक्षा द्यायला ते लागतेच. त्या कागदांतले नाव घेऊन अकोले, जुन्नर, मुरबाड, शहापूरच्या त्या-त्या गावात जावे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आडनाव सांगावे आणि त्या घराण्याची आठवण लिहून घ्यावी. एका तालुक्याचे हे काम शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला चार-पाच वर्षांत करता येईल. यातून नवा ‘आद्य’ सापडणार नाही. २०० रुपयांच्या यादीतल्या काही जणांना मात्र बापाचे नाव आणि गाव परत मिळेल.

जयंतीच्या फलकावर एकाच माणसाचे चित्र मावते, ही फलकाची मर्यादा आहे. पुस्तकाला ती नाही. राघोजीचे पुढचे चरित्र जो कोणी लिहील त्याने शेवटी एक यादी जोडावी: सोबत कोण होते, कोण पकडले गेले, कोणाला किती शिक्षा झाली, कोण मारले गेले, आणि दुसऱ्या बाजूचे कोण मेले. क्रम लावू नये. अकारविल्हे छापावी.